नवी राणीमुंगी कोणत्या जातीची?

मरण जवळ आलें म्हणजे मुंगीला पंख फुटतात, अशी एक म्हण आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आलेली आहे. गर्वानें फुगलेल्या मनुष्याला उद्देशून ती वापरतात. पण ती ज्या देखाव्यावरून निघाली, तो देखावा वऱ्हाडांत दरसाल पाहावयास मिळतो. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडून गेला, उन्हाळाभर भेगाळलेली दर्यापूरची काळी जमीन पाणी पिऊन फुगूं लागली आणि संध्याकाळची हवा कोंदट झाली, कीं चंद्रभागेच्या कांठच्या या गांवांत दिव्यांभोवतीं पंखवाल्या किड्यांची गर्दी उसळते. सकाळीं ओसरीवर केरसुणी फिरविली तर पारदर्शक पंखांचा ढीग निघतो. बहुतेक किडे मेलेले असतात. म्हणीचें म्हणणें खरें ठरलें, असें पाहणाऱ्यास वाटतें.

परंतु त्याच ओसरीच्या कडेनें, भिंतीला धरून, एखादी मोठी, जाड छातीची, पंख गळालेली मुंगी एकटीच चाललेली असते. कोठें ओली माती आहे, कोठें विटेची फट आहे, याचा ती शोध घेत असते. तिचें आयुष्य संपलेलें नसून नुकतेंच सुरू झालेलें असतें. ती राणीमुंगी होय.

अशी कल्पना करावी कीं, दर्यापुरांतील एका घरीं शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीस ती पडली. त्यानें तिच्यावर कांचेचा पेला पालथा घातला आणि आजीला हांक मारली. आजी म्हणाली, "मुंगळाच होय तो, बापू. सोड त्याले." मुलाचें समाधान झालें नाहीं. "मुंगळा एवढा जाडा असते काय, आजी? मंग याचं खरं नाव काय?"

प्रश्न लहान आहे. पण त्याचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. मुंग्यांचा अभ्यास करण्यांत ज्यांचा जन्म गेला, अशा पंडितांनाहि एकट्या राणीचें नांव सांगतांना अडखळावें लागतें. तें कां, आणि मग तिचें नांव मिळवावयाचें तरी कसें, हें समजून घेण्यासारखें आहे.

पहिला प्रश्न असा कीं, पेल्याखालचा प्राणी मुंगीच आहे काय? पहिल्या पावसांत दिव्यावर येणाऱ्या किड्यांत वाळवीचे पंखवाले किडेहि पुष्कळ असतात. वाळवीला इंग्रज लोक पांढरी मुंगी म्हणत आले. परंतु वाळवी मुंगीच्या कुळांतील नव्हे, ती झुरळाची नातलग आहे. दोघींतील भेद ओळखण्याच्या खुणा तीन आहेत. मुंगीची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते. वाळवीला अशी कंबर नसतेच. मुंगीच्या मिशा कोपरांत वांकविलेल्या हाताप्रमाणें मध्येंच मोडलेल्या दिसतात. वाळवीच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे व मागचे लहान असतात. वाळवीचे चारी पंख सारख्याच लांबीचे असतात.

मुंगी असल्याचें ठरलें, म्हणजे दुसरा प्रश्न येतो, कीं ती राणी आहे काय? आजीनें तिला 'तो' म्हटलें, यांत आजीचा दोष नाहीं, कारण मराठी भाषाच तसें म्हणते. परंतु जमिनीवर रांगेनें चालतांना दिसणारी प्रत्येक मुंगी आणि प्रत्येक मुंगळा मादीच असते. या कामकरी माद्यांना जन्मांत कधीं पंख येत नाहींत, म्हणून त्यांची छाती बारीक असते. राणीला एकदां तरी उडावयाचें असतें. म्हणून तिच्या छातींत उड्डाणाचे जाड स्नायु भरलेले असतात, आणि ती छाती पाठीवरून पाहिली तर अनेक फळ्या जोडल्याप्रमाणें दिसते. पंख गळून गेले असले तरी ते जेथून तुटले तेथें दोन्ही बाजूंस लहान खुणा राहतात. शिवाय कपाळाच्या वरच्या भागीं तीन बारीक साधे डोळे असतात. मुंगळ्याच्या कामकरी माद्यांना ते नसतात.

नर या सर्वांहून निराळा असतो. त्याचें डोकें लहान, डोळे मोठे, अंग सडपातळ. उड्डाणांत राणीशीं समागम झाल्यावर त्याचें काम संपतें व थोड्याच अवधींत तो मरतो. म्हणजे म्हण अर्धी खरी आहे. पंख फुटणें हें नराच्या मरणाचें लक्षण आहे खरें; पण जी राणी पक्ष्यांच्या, पालींच्या आणि बेडकांच्या तोंडून वांचते, ती पुढें वर्षानुवर्षें जगते. युरोपांतील एका काळ्या बागमुंगीची राणी बंदिस्त अवस्थेंत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

आतां तिसरा प्रश्न, आणि येथून खरी परीक्षा सुरू होते. दहापट मोठें दाखविणारें भिंग हातीं घेऊन तिची कंबर पाहावी. छाती व पोट यांमध्यें एक गांठ आहे कीं दोन? दोन गांठी असल्या तर ती बहुधा त्या मोठ्या उपकुळांतील असते, ज्यांत चावऱ्या लाल मुंग्या आणि बी सांठविणाऱ्या मुंग्या येतात. यांतील कित्येकींना नांगी असते. दोन गांठींपैकीं मागची गांठ पोटाच्या वरच्या अंगाला जोडलेली असून पोट बदामाच्या आकाराचें दिसलें, तर तो वंश क्रेमॅटोगॅस्टर होय. या वंशाच्या मुंग्या राग आला म्हणजे पोट डोक्यावर उचलून धरतात. कंबरेस एकच गांठ असून पोटाचा पहिला भाग संपतांच तेथें आवळ पडलेली असेल आणि टोकाला नांगी असेल, तर ती शिकारी मुंग्यांच्या उपकुळांतील आहे असें समजावें. एक गांठ आहे, नांगी नाहीं, आणि पोटाच्या टोकाशीं बारीक केसांनीं वेढलेलें वाटोळें छिद्र आहे, असें दिसल्यास ती मुंगळ्याच्या उपकुळांतील होय. त्या छिद्रांतून मुंगळा आपलें आम्ल उडवितो.

केवळ आकारावर मात्र विसंबूं नये. मोठी राणी म्हणजे मोठ्या मुंगीची आई, असा नियम नाहीं. कॅरेबारा वंशांतील एका आफ्रिकी मुंगीची राणी दोन सेंटिमीटरहून मोठी असते, आणि तिच्या कामकरी मुली जेमतेम दोन मिलिमीटर भरतात. रंगहि फसवितो, नुकतीच कोशांतून बाहेर आलेली काळी मुंगी कांहीं काळ फिकट तपकिरी दिसते.

दर्यापूरच्या मुलानें पेल्याखालची राणी या कसोट्यांस लावली तर त्यास काय आढळेल? राणी काळी, दीड सेंटिमीटरहून लांब, कंबरेला एक गांठ, नांगी नाहीं, आणि मिशा तोंडाच्या कडेपासून थोड्या मागें सरकून उगवलेल्या. एवढ्यावरून तिचें आडनांव सांगतां येतें. प्राणिशास्त्रांत आडनांव आधीं व नांव मागून लिहितात. आडनांव म्हणजे वंश, नांव म्हणजे जाति. हिचें आडनांव कँपोनोटस. आपल्या घराघरांतील मुंगळा याच घराण्याचा असून त्याचें पूर्ण नांव कँपोनोटस कंप्रेसस असें आहे. डेन्मार्कच्या फाब्रिसियस नांवाच्या पंडितानें १७८७ सालीं तें जातिनाम ठेविलें. पण कँपोनोटस हें घराणें फार मोठें आहे. जगांत त्याच्या सुमारें हजार जाति आहेत, आणि महाराष्ट्रांतहि त्या अनेक सांपडतात. एकीच्या पोटावर सोनेरी रेशमी लव असते, दुसरी तांबूस पिवळी असते, आणखी कांहीं काळ्याच असतात. तेव्हां काळी राणी दिसली कीं ती घरच्या मुंगळ्याचीच, असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. आडनांव मिळालें, नांव राहिलें.

नांव कां राहतें, याचें कारण मुंग्यांच्या शास्त्राच्या इतिहासांत आहे. आपल्या प्रांतांतील मुंग्यांना शास्त्रीय नांवें देण्याचें काम प्रथम पुण्यास झालें. कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानें १८२९ च्या जूनमध्यें पुण्याच्या कवायतीच्या मैदानाजवळ गवताच्या बियांचे लहान लहान ढीग पाहिले. पावसानें भिजलेलें धान्य मुंग्या जमिनीखालच्या कोठारांतून वर आणून उन्हांत वाळवीत होत्या. १८३५ सालीं त्यानें या मुंगीला 'पुढचा विचार करणारी' अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. आज ती फायडोल प्रोव्हिडेन्स या नांवानें ओळखली जाते. पुढें मुंबई इलाख्यांतील जंगल अधिकारी रॉटन यानें मुंग्या गोळा करण्याचा सपाटा लावला, त्या स्वित्झर्लंडांतील ऑग्युस्त फोरेल याच्याकडे धाडल्या, आणि १८९२ पासून मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत दोघांचेहि लेख येऊं लागले. हा फोरेल व्यवसायानें मनोविकारांचा वैद्य होता. त्याचें चित्र पुढें स्वित्झर्लंडच्या हजार फ्रँकांच्या नोटेवर आलें, आणि नोटेच्या मागील बाजूस मुंग्या आल्या. १९०३ सालीं कर्नल बिंगहॅम याचा हिंदुस्थानांतील मुंग्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. २०१६ सालीं छापलेल्या यादींत भारतांतील मुंग्यांच्या ८२८ जाति व उपजाति नमूद आहेत.

या सर्व कामाचा पाया कामकरी मुंगी हा आहे, आणि तें स्वाभाविक आहे. कामकरी मुंगी बारा महिने, दिवसाढवळ्या, वाटेल तितकी सांपडते. राणी वारुळाच्या खोल भागीं दडलेली असते. बाहेर हिंडणारी राणी वर्षांतून थोडेच दिवस दिसते, आणि दिसते तेव्हां ती कोणत्या वारुळांतून आली हें सांगणारें तिच्याबरोबर कोणी नसतें. म्हणून बिंगहॅमच्या ग्रंथांत कित्येक जातींच्या नांवाखालीं कामकरी मुंगीचेंच वर्णन आहे. राणीची जागा रिकामी आहे. बॅरी बोल्टन या इंग्रज पंडितानें १९९४ सालीं जगांतील मुंग्यांचे वंश ओळखण्याचें जें मार्गदर्शक पुस्तक लिहिलें, त्यांतील कसोट्याहि कामकरी मुंगीवरच बसविलेल्या आहेत. त्या राणीला लावल्या तर ठिकठिकाणीं फसगत होते. चावऱ्या लाल मुंगीचेंच उदाहरण घ्यावें. सोलेनोप्सिस वंशाच्या या मुंगीच्या कामकरी मुलींच्या मिशांना १० पेरें असतात, राणीच्या मिशांना ११. जो दहाच पेरें शोधीत बसेल, तो आईला मुलींच्या घराबाहेर काढील.

असें घराबाहेर काढणें प्रत्यक्ष घडलेलें आहे. डोरायलस नांवाच्या मुंग्या जमिनीखालीं झुंडीनें फिरतात. त्यांच्या कामकरी माद्यांना डोळे नसतात, नर मोठे, पंखवाले व लांबट पोटाचे असतात, आणि राणीला पंख कधींच नसतात. तिघांचें एकमेकांशीं कांहींच साम्य नाहीं. आफ्रिकेंतील या वंशाचा एक नर लिनियसच्या हातीं आला, तेव्हां १७६४ सालीं त्या महापंडितानें त्याची गणना गांधीलमाशींत केली. १८५७ सालीं बोर्निओंतील आंधळ्या कामकरी मुंगीला एका इंग्रज पंडितानें टायफ्लोपोन लीव्हिगाटा असें नांव दिलें. १८६३ सालीं जावा बेटांतील एक विलक्षण राणी गेर्स्टेकर या जर्मन पंडितापुढें आली. तिच्यासारखें कांहीं पूर्वीं कोणीं पाहिलेलें नव्हतें, म्हणून त्यानें तिच्यासाठीं डिक्थाडिया हा नवाच वंश स्थापिला. पुढें कळून आलें कीं, बोर्निओची ती कामकरी आणि जावाची ही राणी एकाच जातीच्या आहेत, आणि दोघीहि डोरायलस वंशांत बसतात. मायलेकी दोन निराळीं आडनांवें लावून संग्रहालयांत पडल्या होत्या. चूक करणारे अडाणी नव्हते. त्यांच्यापुढें एकटी राणी होती, एवढेंच. याच डोरायलस वंशाचे नर आपल्याकडेहि पावसाळ्यांत दिव्यावर येतात आणि पुष्कळांना ते मुंगीचे वाटतच नाहींत.

उलट प्रकारहि आहे. डायाकमा वंशाच्या मोठ्या काळ्या शिकारी मुंग्या महाराष्ट्रांत सांपडतात. त्यांची राणी शोधीत कोणी वर्षें घालविलीं तरी ती मिळणार नाहीं, कारण या वंशांत निराळ्या घडणीची राणीच जन्मास येत नाहीं. कामकरी मुंग्यांपैकींच एक नराशीं संगत होऊन अंडीं घालते. या वंशाच्या पुष्कळ जातींत प्रत्येक नवजात मुंगीच्या छातीवर दोन बारीक कळ्या असतात. अंडीं घालणारी मुंगी इतरांच्या त्या कळ्या कुरतडून टाकते. जिच्या कळ्या शाबूत राहतात, तिलाच आई होतां येतें. हा प्रकार १९८० नंतरच्या दशकांत उघडकीस आला. तेव्हां राणी दिसली तर अमुक जातीची, न दिसली तर आपला शोध अपुरा, असेंहि सरसकट म्हणतां येत नाहीं.

मग दर्यापूरच्या मुलानें करावें काय? त्याला दोन मार्ग मोकळे आहेत. पहिला मार्ग असा कीं, राणीला हिंडतांना न धरतां, ती वारुळांतून उडण्यास निघते त्या वेळीं तिला पाहावें. मुंगळ्यांचीं वारुळें पुष्कळदां कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या बुंध्याशीं असतात. पहिल्या पावसानंतर अशा वारुळाच्या तोंडाशीं पंखवाल्या राण्या व नर बाहेर पडतांना दिसले, तर त्यांच्या सोबतीला कामकरी मुंग्या असतातच. त्या दोन-चार कामकरी मुंग्यांवरून वारुळाचें नांव ठरतें, आणि वारुळाचें नांव तेंच राणीचें नांव. आजकाल शरीरांतील डीएनए तपासून एकट्या राणीचें नातें ताडून पाहतां येतें. पण तें ताडून पाहण्यासहि ओळखीच्या कामकरी मुंगीचा डीएनए आधीं नोंदलेला असावा लागतो. शेवटीं गोष्ट मुलींपाशींच येऊन थांबते.

दुसरा मार्ग धीराचा आहे. राणी एकटी सांपडली असेल तर तिच्या मुली जन्मास येण्याची वाट पाहावी. त्यासाठीं प्रयोगशाळा लागत नाहीं. कांचेची एक परीक्षानळी घ्यावी. तिचा तिसरा हिस्सा स्वच्छ पाण्यानें भरून वर कापसाचा बोळा घट्ट बसवावा, म्हणजे बोळा ओला राहील पण पाणी सांडणार नाहीं. त्यापुढील कोरड्या भागांत राणी सोडावी, तोंडाशीं दुसरा बोळा सैल लावावा, आणि नळी कागदांत गुंडाळून जेथें धक्का लागणार नाहीं अशा अंधाऱ्या जागीं ठेवावी. वऱ्हाडांत कापूस मागावयास लांब जावें लागत नाहीं. सर्वांत कठीण वस्तु लागते ती म्हणजे न पाहण्याचा निग्रह. रोज नळी उघडून पाहिली तर राणी घाबरते आणि पुष्कळदां आपलींच अंडीं खाऊन टाकते. आठवड्यांतून एकदां, क्षणभर पाहणें पुरे.

या अवधींत मुंगळ्याच्या राणीला अन्न लागत नाहीं. ज्या स्नायूंनीं ती उडाली, ते स्नायु तिच्या शरीरांत विरघळतात, आणि त्यावर ती आपली पहिली पिलें पोसते. पंख गेले ते व्यर्थ गेले नाहींत. त्यांचें बळ मुलांच्या मुखीं जातें. शिकारी उपकुळांतील कित्येक राण्या मात्र अशा उपाशी राहत नाहींत. त्या बाहेर पडून भक्ष्य आणतात, त्यांना लहान किडे द्यावे लागतात. म्हणून कंबरेची परीक्षा आधीं करावी, नळी मागून भरावी. नाहीं तर राणी उपासानें मरेल.

उष्ण हवेंत लहान जातींच्या पहिल्या मुली तीन-चार आठवड्यांत, आणि मुंगळ्याच्या महिना-दीड महिन्यांत बाहेर येतात. या पहिल्या मुली नेहमींच्या कामकरी मुंग्यांहून लहान व भित्र्या असतात, कारण त्यांचें पोषण एका आईच्या सांठ्यावर झालेलें असतें. त्यांना साखरेच्या पाण्याचा थेंब आणि मेलेली माशी द्यावी. तरी येथेंहि घाई करूं नये. फायडोल वंशांत जाति ओळखण्याच्या बहुतेक खुणा मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंगीवर असतात, आणि मुंगळ्यांतहि मोठी कामकरी मुंगी पाहिल्यावांचून निर्णय पक्का होत नाहीं. अशा मोठ्या मुली पहिल्या पिढींत बहुधा येत नाहींत. राणीचें नांव तिच्या मुलींवरून, आणि मुलींचें नांव त्यांच्या मोठ्या बहिणींवरून, अशी ही परीक्षा आहे. तिला कधीं कधीं वर्ष लागतें.

दरम्यान टिपण ठेवावें. राणी कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोठें सांपडली. आदल्या दिवशीं पाऊस होता काय. जवळ कोणतें झाड होतें. लांबी किती, रंग कोणता, कंबरेस गांठी किती. वरून, बाजूनें व समोरून काढलेलीं तीन छायाचित्रें. ज्या टिपणांत स्थळ व काळ नाहीं, त्याचा तज्ज्ञासहि उपयोग होत नाहीं. आणि नांव न ठरल्यास 'कँपोनोटस, जाति अनिश्चित' असें लिहिण्यांत कमीपणा मानूं नये. हें अपुरें उत्तर आहे, पण खरें आहे. कोणत्या तरी चित्राशीं मेळ बसवून ठेविलेलें पूर्ण नांव दिसावयास चांगलें दिसतें. पण दुसरा तें उतरून घेतो, तिसरा त्यावर भरवसा ठेवतो, आणि डिक्थाडियाची गोष्ट पुन्हां नव्यानें सुरू होते.

कोणी म्हणेल, मुंगीच्या नांवानें एवढें काय बिघडतें? कापूस पिकविणाऱ्या तालुक्यांत तरी असें म्हणूं नये. २००५ नंतरच्या थोड्याच वर्षांत भारतांतील कापसावर पिठ्या ढेकणाचा मोठा उपद्रव झाला. त्या किडीचें शास्त्रीय नांव फेनाकोकस सोलेनोप्सिस. १८९८ सालीं अमेरिकेंत ती प्रथम नोंदली गेली तेव्हां चावऱ्या लाल मुंगीच्या वारुळांत सांपडली, म्हणून मुंगीचें नांव किडीला मिळालें. ही कीड गोड रस सोडते. मुंगळे व इतर कांहीं मुंग्या त्या रसासाठीं तिच्याभोवतीं वावरतात आणि तिला खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकून लावतात. उलट दुसऱ्या कित्येक मुंग्या किडींचीं अंडीं व अळ्या उचलून नेतात, म्हणजे शेतकऱ्याची चाकरी फुकट करतात. दोघींनाहि 'मुंगी' म्हणून एकाच औषधाखालीं घालणें म्हणजे चोर व राखणदार यांना एकच शिक्षा देणें होय. शिवाय चावरी लाल मुंगी मूळची या भूमीची नव्हे. ती अमेरिकेंतील असून सोळाव्या शतकापासून जहाजांतल्या मालाबरोबर जगभर पसरली. घरची कोणती आणि आलेली कोणती, हें नांवाशिवाय कळावें कसें?

नांव शोधण्याच्या हौसेलाहि मर्यादा आहे. २०२५ सालीं केनियांत सुमारें ५,००० राणीमुंग्या कापूस घातलेल्या नळ्यांत भरून परदेशीं नेण्याच्या प्रयत्नांत असलेले लोक पकडले गेले व त्यांना मोठा दंड झाला. हौशी लोकांना अशा राण्या विकून पैसा मिळतो. परंतु उचललेली प्रत्येक राणी म्हणजे न झालेलें एक वारूळ, आणि परक्या मुलखांत सुटलेली प्रत्येक राणी म्हणजे नवें संकट. अभ्यासासाठीं एक राणी पुरे. ती ज्या गांवची, त्याच गांवांत तिला शेवटीं सोडावें.

आपल्या कल्पनेंतील दर्यापूरच्या मुलानें हें सर्व पाळलें असें धरूं. पहिल्या दिवशीं त्याच्या वहींत 'कँपोनोटस, जाति अनिश्चित' एवढेंच लिहिलें गेलें. श्रावणांत नळींत पहिल्या मुली दिसल्या. पुढें नळीची जागा झांकणाच्या डब्यानें घेतली. आणि दुसऱ्या पावसाळ्यांत मोठ्या डोक्याची पहिली कामकरी मुंगी बाहेर आली. ती त्यानें अंगणांतील मुंगळ्याशीं भिंगाखालीं ताडून पाहिली, जाणत्याकडून तपासून घेतली, आणि वहींतील 'अनिश्चित' हा शब्द खोडून त्या जागीं 'कंप्रेसस' लिहिलें. मग डबा कडुलिंबाच्या बुंध्याशीं नेऊन उघडला.

आजीचें उत्तर बरोबरच निघालें. तो मुंगळाच होता. परंतु वर्षापूर्वीं तें ऐकलेलें उत्तर होतें, आतां तें पाहिलेलें उत्तर झालें. या दोहोंतील अंतर काटण्यास एक भिंग, एक नळी, मूठभर कापूस आणि दोन पावसाळे लागले. शास्त्र म्हणतात तें याहून फारसें निराळें नाहीं.